बसणं हेही कामच

आमच्या सल्ला केंद्रातल्या मावशी यंदा साठ वर्षांच्या झाल्या आणि कामातून मोकळ्या झाल्या. चोवीस वर्षं त्यांनी वस्ती कार्यकर्ती म्हणून काम केलं. मी एम.एस.डब्ल्यू. होऊन केंद्रात आले तेव्हा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मला कलमांसकट पाठ होता. पण मार खाऊन आलेली बाई दारात उभी राहिली तर तिला आधी पाणी द्यायचं, मग टेकायला जागा करून द्यायची आणि नाव-गाव सगळ्यात शेवटी विचारायचं, हे मला मावशींनी शिकवलं. त्यामुळे त्यांच्या निरोपाला काय द्यायचं, हा प्रश्न माझ्यासाठी साधा नव्हता.

शनिवारच्या बैठकीत विषय निघाला. शाल-श्रीफळ नको, यावर एकमत झालं. शाली मावशींकडे चार आहेत, चारही घडी न मोडलेल्या. साडी नको, कारण बाईला साडीपलीकडे काही देता येत नाही का, असं आपणच विचारत असतो. मग आमच्यातली सगळ्यात धाकटी कार्यकर्ती म्हणाली, "आपण मावशींची ॲक्शन फिगर बनवू या." तिनं मोबाइलवर चित्रं दाखवली. २०२५ च्या एप्रिलमध्ये ही लाट आली होती. आपला फोटो संगणकाला द्यायचा, आणि खेळण्याच्या खोक्यात बंद केलेली आपली बाहुली, शेजारी आपल्या चार वस्तू, असं चित्र मिळवायचं. कुणाशेजारी लॅपटॉप, कुणाशेजारी कॉफीचा पेला. धाकटी म्हणाली, "आपण चित्र नको, खरीखुरी करू. हातानं."

आमच्या ज्येष्ठ ताई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण सांगत आलो, की बाई म्हणजे शोभेची बाहुली नव्हे. आणि जी बाई आयुष्यात कधी कुणाची बाहुली झाली नाही, तिलाच शेवटच्या दिवशी बाहुली करून हातात देणार?"

"ताई, बाहुली नाही. ॲक्शन फिगर!"

"फरक काय?" ताईंनी विचारलं. आमच्यापैकी कुणालाच तो नीट सांगता येईना. मला लहानपणी हात कामाला लावायची हौस होती, म्हणून मूर्तीचं काम माझ्याकडे आलं, आणि त्याबरोबर हा फरक शोधायचं कामही.

मैत्रिणींनो, शोधल्यावर कळलं की फरक फक्त नावाचा आहे, आणि ते नावच मुळी बायकांच्या नावानं नाक मुरडून ठेवलेलं आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीनं मुलींसाठी बार्बी आणली. १९६४ मध्ये हॅसब्रो या दुसऱ्या कंपनीनं मुलग्यांसाठी तशीच कपडे बदलता येणारी, हातापायांना सांधे असलेली बारा इंची बाहुली काढली. तिला सैनिकाचा वेश दिला आणि नाव ठेवलं जी. आय. ज्यो. अडचण एकच होती. मुलगा बाहुली खेळतो म्हटल्यावर आई-बाप ती विकत घेणार कसे? म्हणून कंपनीनं 'बाहुली' हा शब्दच वर्ज्य केला आणि 'ॲक्शन फिगर' हा नवा शब्द चालवला. म्हणजे वस्तू तीच. मुलीच्या हातात ती बाहुली, मुलाच्या हातात ती 'कृती करणारी मूर्ती'!

त्याच मालिकेत १९६७ मध्ये एक परिचारिका काढली गेली. ती फारशी खपली नाही. पुढेही बाईला या फळीवर जागा मिळाली ती अंग चोरूनच. २०१५ मध्ये आलेल्या ॲव्हेंजर्स मालिकेतल्या चित्रपटात ब्लॅक विडो ही नायिका विमानातून मोटरसायकलवर बसून थेट रस्त्यावर उतरते. त्या प्रसंगाचं खेळणं बाजारात आलं तेव्हा मोटरसायकलवर तिच्या जागी कॅप्टन अमेरिका बसला होता. त्यावर बराच गदारोळही झाला. पडद्यावर पराक्रम तिनं केला, खेळण्यात तो त्याच्या नावावर लागला. आपल्या घरांतल्या सातबाऱ्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आणि हे फक्त परदेशातलं नाही. माझ्या भावानं आणि मी दिवाळीत किल्ला केला की आई कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मातीची चित्रं आणायची. सिंहासनावर महाराज, मग ढाल-तलवारीचे मावळे, तोफ, तुतारीवाला. बायकाही असायच्या. गवळण, डोक्यावर घागर घेतलेली पाणी आणणारी, भाजीवाली. त्यांना आम्ही किल्ल्यावर नाही, खाली पायथ्याशी हळिवाच्या शेतात ठेवायचो. तेव्हा त्यात काही खटकलं नाही. आज वाटतं, किल्ल्यावर पाणी कोण चढवत होतं हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडू नये, याची सोय त्या मांडणीतच होती.

तर मी मूर्ती करायला घेतली. जुन्या बाजारातून दीडशे रुपयांना एक बारा इंची सैनिक आणला. बाईचं शरीर असलेली बाहुली का नाही घेतली, असं तुम्ही विचाराल. पाहिल्या ना. एकीच्याही कमरेत माणसाचं पोट मावेल असं दिसेना. शिवाय मापाचा प्रश्न होता. बार्बी साडेअकरा इंचांची आहे. सहापट केली तर ती पाच फूट नऊ इंच होते. मावशी जेमतेम पाच फूट. एक षष्ठांश मापानं त्यांची मूर्ती दहा इंचांची हवी. म्हणून सैनिकाचे पाय मांडीत करवतीनं कापून दोन इंच कमी केले. पोटावर आणि कमरेवर कापूस बांधून वर मोज्याचं कापड ताणून शिवलं. डोकं एम-सीलचं केलं. त्याचे दोन भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळायचे, आणि ओल्या बोटांनी भराभर आकार द्यायचा, कारण ते घट्ट व्हायला फार वेळ लागत नाही. चेहरा चौथ्या खेपेला जमला. पहिल्या तिन्ही वेळा मी मावशींना नकळत दहा वर्षांनी तरुण करून ठेवत होते.

रंगाच्या दुकानात 'स्किन कलर' नावाची बाटली मिळते. गुलाबीसर असते. ती कुणाची कातडी, ते त्या कंपनीलाच ठाऊक. मी तपकिरी, पिवळा आणि जरासा लाल मिसळून मावशींचा रंग केला.

मग उजव्या हाताची मूठ वळून वर उंचावली. आपल्या मोर्चाच्या पोस्टरवर असते तशी. डाव्या हातात काठी दिली. साडीचा पदर खोचला, चेहऱ्यावर त्वेष आणला. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. तेवढ्यात मावशींची लेक काही कागद द्यायला केंद्रात आली. तिनं मूर्ती हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे. कोण आहे ही?"

मी म्हटलं, "अगं, तुझी आई!"

"आई अशी उभी कुठं असते, ताई? आमची आई सदा बसलेली असते. रात्री कुठं होतीस विचारलं की एकच उत्तर, बसले होते."

मी खजील झाले. खेळण्यांच्या कंपन्यांना नावं ठेवता ठेवता मीही तेच केलं होतं. कृती म्हणजे उभं राहणं, मूठ आवळणं, काठी उगारणं, हे मी कुणाकडून शिकले? चोवीस वर्षांत मावशींनी एकदाही काठी हातात घेतलेली मला माहीत नाही. लेक म्हणाली ते खरं होतं. मावशींचं काम म्हणजे बसणं.

सहा-सात वर्षांपूर्वीची एक रात्र सांगते. एका बाईला सासरच्यांनी तान्ह्या मुलासकट घराबाहेर काढलं होतं. कपाळावर खोक होती. मावशी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. पाठोपाठ मीही पोचले. सांगण्यात आलं, साहेब नाहीत, उद्या या. मी कायदा सांगायला लागले, माझा आवाज चढला, आणि समोरच्यानं माझ्याकडे पाहणंच बंद केलं. मावशींनी काही वाद घातला नाही. भिंतीला लागून जमिनीवर मांडी घातली, बाईला शेजारी बसवलं, मुलाला मांडीवर घेतलं, पिशवीतून डबा काढून बाईपुढे ठेवला. तासाभरानं कुणीतरी विचारलं, "मावशी, किती वेळ बसणार?" त्या म्हणाल्या, "तुमची ड्यूटी संपेपर्यंत. मग दुसरे साहेब येतील, त्यांची संपेपर्यंत." ना आवाजात राग, ना विनवणी. रात्री दीड वाजता गुन्हा नोंदला गेला, कलम ४९८-अ खाली. (१ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आलं आहे.) तरी मावशी उठेनात. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळणं हा तिचा हक्क आहे. तो तेव्हाही होता, आताच्या कायद्यातही आहे. ती प्रत बाईच्या हातात पडल्यावरच त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

महिन्याच्या अहवालात मी त्या रात्रीबद्दल काय लिहिलं, ते परवा मुद्दाम काढून पाहिलं. 'गुन्हा नोंदणीस साहाय्य – १.' एवढंच. सहा तासांचं बसणं लिहायला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता, आणि आजही नाही. 'समुपदेशन', 'गृहभेट', 'प्रशिक्षण', 'मोर्चा' असे रकाने आहेत. उभ्या उभ्या केलेली सगळी कामं मोजली जातात.

मी मूर्ती मोडायला घेतली. पण त्याआधी, पहिल्यांदाच, मावशींना विचारलं. भेटीतली गंमत गेली खरी. पण ज्या बाईची मूर्ती करायची तिलाच विचारायचं नाही, ही कसली गंमत? मावशी आधी हसल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, "बसलेली कर. पण पुरी मांडी नको घालूस. एक गुडघा उभा ठेव. आता मांडी पुरी होत नाही." चोवीस वर्षांच्या फरशीचा हिशेब त्या गुडघ्यात होता, आणि मी तो मूर्तीतून सहज गाळून टाकणार होते.

"मंगळसूत्र?" मी चाचरत विचारलं. मावशींनी नवऱ्याचं घर सोडलं त्याला तीस वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "गळ्यात केंद्राची किल्ली असते ना? तीच घाल."

आता खरी कसोटी होती. त्या सैनिकाला जमिनीवर बसता येत नव्हतं! खुर्चीवर बसेल, एका गुडघ्यावर टेकून बंदूक रोखेल, पळेल, उडी मारेल. पण त्याच्या खुब्याचा सांधा पाय बाहेरच्या अंगाला वळूच देत नव्हता. जमिनीवर बसणारं माणूस ते खेळणं करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कधी आलंच नसणार. मी दोन्ही खुबे कापले, आत ॲल्युमिनियमची तार घातली, एक पाय आडवा दुमडला, दुसरा गुडघा उभा केला आणि भोवती एम-सील भरून रात्रभर वाळू दिलं.

त्याच्या हाताचीही एक गंमत आहे. उजव्या हाताची पहिली दर्शक बोटाची घडण वेगळी, सुटी आणि किंचित वाकलेली. बंदुकीचा चाप ओढण्यासाठी. मी त्या बोटात आणि अंगठ्यात काडीचं पेन अडकवून पाहिलं. चपखल बसलं. म्हणून तेवढा हात मी बदलला नाही.

साडी मावशींच्याच एका जुन्या साडीतून काढली. साडेपाच मीटरची साडी एक षष्ठांश मापानं साधारण ब्याण्णव सेंटिमीटर भरते. पण लांबी कमी झाली तरी कापड काही पातळ होत नाही. मूर्तीला नेसवल्यावर निऱ्या पत्र्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. शेवटी साडीचा सगळ्यात विरलेला भाग शोधला, निऱ्या तीनच घातल्या, पाण्यात फेविकॉल कालवून त्या बोटांनी बसवल्या. तांब्याच्या तारेचा चष्मा केला, त्याला दोरा. मग वस्तू. सैनिकाबरोबर त्याची शस्त्रं येतात, तशा मावशींच्या वस्तू: कापडी पिशवी, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, बाजूला काढून ठेवलेल्या चपला आणि नाडी बांधलेली फाइल. फाइलमधला कागद पाच सेंटिमीटर लांब आणि साडेतीन रुंद. त्यावर मी बारीक अक्षरात 'प्रत मिळाली' असं लिहिलं.

हे सगळं करायला मला सात रविवार लागले. त्या सात रविवारांत मी मावशींचं काम जितकं बारकाईनं पाहिलं, तितकं नऊ वर्षांत शेजारी बसून पाहिलं नव्हतं. आणि तेव्हाच एक गोष्ट डाचायला लागली, जिच्यासाठी हा लेख लिहिते आहे.

जे आपल्याला कृती वाटत नाही, ते आपण मोजत नाही. जे मोजत नाही, त्याचा मोबदला देत नाही. मावशींना चोवीस वर्षं मिळालं ते 'मानधन'. माझ्या नावापुढे पदवी आहे, माझं काम 'समुपदेशन' आहे, म्हणून मला 'वेतन'. निरोपाच्या दिवशी त्यांच्या हातात काय पडणार होतं? एक मूर्ती, आणि टाळ्या. निवृत्तीचा एक पैसाही नाही. बायकांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या आमच्या संस्थेत हे चोवीस वर्षं चाललं, आणि त्यातली नऊ वर्षं मीही गप्प होते.

'मानधन' या शब्दाआड लपायची सोय आता राहिलेली नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा, लागू होतो असा निकाल दिला. त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्याच्या अर्थानं वेतनच आहे, असं त्यात म्हटलं आहे. तो निकाल अंगणवाडीपुरता आहे, संस्थांना तो जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण अंगणवाडीच्या बायका मोर्चा काढतात तेव्हा आपण त्यांच्या शेजारी उभ्या राहून ज्या घोषणा देतो, त्या आपल्या कचेरीच्या उंबऱ्यावर विरून जायच्या का? हिशेब सोपा आहे. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, महिन्याचे दिवस सव्वीस धरून. चोवीस वर्षांचे होतात जवळजवळ चौदा महिन्यांचे पैसे.

मी हा हिशेब कागदावर मांडून विश्वस्तांपुढे ठेवला आहे. काहींना तो अवेळी वाटला. "मावशींनी कधी मागितलं का?" असंही विचारलं गेलं. नाही मागितलं. मारहाण झालेल्या बाईनं स्वतःहून तक्रार मागितली नाही म्हणून आपण तिला परत पाठवतो का? अनुदान देणाऱ्यांच्या तक्त्यात ही तरतूद नसते, ही अडचण खरी आहे. मग तो तक्ता बदलून घ्यायचं काम आपलं. विषय पुढच्या बैठकीत आहे. तिथं मी मावशींची पद्धत वापरणार आहे.

निरोपाचा कार्यक्रम वस्तीतल्या समाजमंदिरात झाला. ज्येष्ठ ताईंनीच मूर्ती मावशींच्या हातात दिली. देताना म्हणाल्या, "बाहुलीच आहे हो. पण तुमच्यासारखी बसणारी आहे." मावशींनी चष्मा चढवून ती नीट न्याहाळली. गुडघा पाहिला, किल्ली पाहिली. मग डब्याचं झाकण उघडून पाहायला गेल्या. ते उघडत नव्हतं. "रिकामा डबा घेऊन कोण जातं गं ठाण्यात?" म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

मूर्ती त्यांनी घरी नेली नाही. "घरी कपाटात ठेवून काय करू? इथं आयांबरोबर पोरं येतात, त्यांना खेळायला राहू दे." ती आता केंद्रात, बाकड्याशेजारच्या फळीवर आहे. परवा एक पाच वर्षांचा मुलगा तिच्याशी खेळत होता. त्याची आई आत बोलत होती. त्यानं मूर्तीला उभं करून पाहिलं. ती उभी राहीना. मग त्यानं तिला दाराकडे तोंड करून बसवलं, आणि स्वतःही तिच्या शेजारी जाऊन बसला. एक चप्पल तेव्हापासून सापडत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात, संस्थेत, पतपेढीत, घरात अशी एखादी बसणारी बाई असेल. दवाखान्यात कुणाच्या उशाशी, रेशनच्या रांगेत, कोर्टाच्या व्हरांड्यात. तिची मूर्ती करायला घ्याच, असा माझा आग्रह नाही. पण ती करायची झाली तर तिच्या हातात काय द्याल, तिला कसं बसवाल, हे तिलाच विचारून पाहा. आणि विचारून झालं की तिला आपण काय देणं लागतो त्याचा हिशेबही मांडा. तो काय निघाला, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.